फिल्टर कॉफी: डिकॉक्शन एकतर पाणी होतं, नाहीतर वरच अडकून बसतं. आणि कॅफेत काय मागवावं?

निवांत_कोथरूड

स्टीलचा दोन मजली फिल्टर आहे, दुकानदाराच्या भाषेत 'तीन कपांचा'. पोह्याचे दोन सपाट चमचे पावडर, वर उकळतं पाणी काठापर्यंत. पाच मिनिटांत सगळं खाली उतरतं आणि रंग कोऱ्या चहाचा. अर्धा कप दूध घातलं की कॉफीचा नुसता वास उरतो.

उपाय म्हणून 'अगदी बारीक' दळून आणली. आता रात्री १० ला ओतलेलं पाणी सकाळी ६ ला वरच्याच भांड्यात असतं.

विचारायचं असं:
१. दोन माणसांना पावडर किती, पाणी किती, आणि उतरायला वेळ किती लागला तर ठीक म्हणायचं?
२. चिकोरी हवी की नको?
३. उडुप्याकडच्या कॉफीला जो दाटपणा असतो तो दुधाचा की पावडरीचा?
४. ऑफिस बाणेरला, खाली दोन कॅफे आहेत. तिथली लाटे पांचट आणि कोमट लागते, अमेरिकानो कडू. फिल्टर कॉफीच्या जवळ जाणारं तिथे काय मिळतं?

'इन्स्टंट प्या' हा सल्ला कृपया नको.

तोळामासा

दोन सपाट चमचे म्हणजे १०-१२ ग्रॅम. तुमच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात काठोकाठ २०० मिलीच्या आसपास पाणी मावत असणार. म्हणजे पावडरीच्या सतरा-अठरा पट पाणी झालं. एवढ्या पाण्यात होते ती कोरी प्यायची कॉफी. डिकॉक्शन हा अर्क आहे, त्यात पुढे दूध पडायचं आहे. त्याला पाणी पावडरीच्या सहा पट, फार तर सात पट.

दोन माणसांचं माप: पावडर २४ ग्रॅम, पाणी १५० मिली. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसतो, ते काही परत मिळत नाही. त्यामुळे खाली १०० मिली उतरेल. कपाला ५० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध. कडक हवी असेल तर पावडर वाढवा, पाणी तेवढंच ठेवा. दूध कमी करून कॉफी कडक होत नाही, नुसती काळपट होते.

चमच्याच्या मापावर फार विश्वास नको. जाड दळलेली आणि बारीक दळलेली पावडर एकाच चमच्यात वेगळी भरते. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

आणखी एक चूक दिसते, ती म्हणजे मोठा फिल्टर आणि थोडी पावडर. थर पातळ पडला की पाणी सापडेल त्या फटीतून निघून जातं, बाकीची पावडर कोरडीच राहते. दाबल्यावर थर दीड-दोन सेंटीमीटर भरला पाहिजे. बारा ग्रॅममध्ये तुमच्या फिल्टरचा तळ जेमतेम झाकला जात असेल. रोज दोघांसाठीच करायची असेल तर दोन कपांचा फिल्टर वेगळा घ्या आणि मोठा पाहुण्यांसाठी ठेवा.

कृती:

फिल्टर पूर्ण कोरडा. ओल्या तळावर पावडर पडली की तिथल्या तिथे चिखल होतो आणि भोकं बुजतात. पावडर घालून भांड्याला बाहेरून दोन टिचक्या मारा, थर सपाट होईल. वर दांडीची चकती ठेवा आणि बोटाने हलकेच टेकवा. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी फक्त ३०-४० मिली पाणी गोल फिरवत चकतीवर घाला आणि पाऊण मिनिट थांबा. ताजी पावडर फुगते, बुडबुडे येतात, आत अडकलेला वायू निघून जातो. मग उरलेलं पाणी बारीक धारेने. झाकण ठेवा.

थेंब लगेच सुरू व्हायला हवेत आणि १५ ते २५ मिनिटांत काम संपायला हवं. ५ मिनिटांत संपलं तर दळण जाड किंवा थर पातळ. पाऊण तासानेही निम्मं वर दिसलं तर दळण बारीक, किंवा चकती कोंबली आहे, किंवा पुढच्या प्रतिसादात कोणीतरी सांगेलच ते वाफेचं प्रकरण आहे.

पाण्याबद्दल एक: 'उकळल्यावर पाच मिनिटं थांबा' असं काही ठिकाणी सांगतात. पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, त्यात थंड स्टील आणखी चार-पाच अंश खातं. पाच मिनिटं थांबलात तर पाणी कोमटाकडे जातं आणि कॉफी आंबट, बेचव उतरते.

टिपटिप

वाफेचं प्रकरण मी घेतो.

वरचं भांडं खालच्यात घट्ट बसलं की खालची हवा कोंडते. गरम थेंब पडले की ती हवा तापून फुगते आणि भोकांतून वर रेटा देते. थेंब थांबतात. वरून कितीही पाणी असलं तरी उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे: वरचं भांडं किंचित उचलून तिरपं करून परत ठेवा. लगेच धार सुरू झाली तर हवा कोंडली होती. काही फिल्टरच्या खालच्या भांड्याला काठाजवळ बारीक भोक किंवा खाच असते, ती याचसाठी. तुमच्याला नसेल तर वरचं भांडं ठेवताना पूर्ण दाबून बसवू नका.

उचलून काही फरक पडला नाही तर दळण बघा. चिमटीत घेऊन बोटांवर घासा. बारीक रवा लागायला हवा. मैदा लागला तर ती फिल्टरची पावडर नाही. जाड रवा, म्हणजे उपम्याचा, लागला तर ती फ्रेंच प्रेसची. भाजणाऱ्या कंपन्यांकडून ऑनलाइन मागवताना दळणाचा पर्याय विचारतात. तिथे 'साउथ इंडियन फिल्टर' असं स्पष्ट लिहिलेलं निवडा. 'एस्प्रेसो' निवडलंत तर तुमच्या आत्ताच्या अडचणीसारखंच होईल.

घरच्या मिक्सरमध्ये दळायची असेल तर एक धोका आहे. पातं दाणे दळत नाही, फोडतं. त्यामुळे एकाच वेळी भुगा आणि खडे दोन्ही मिळतात: भुगा भोकं बुजवतो, खड्यांमधली चव पाण्यात उतरत नाही. पाच-पाच सेकंदांचे झटके, मध्ये भांडं हलवणं, आणि शेवटी मैद्याच्या चाळणीतून भुगा काढून टाकणं. एवढं केलं तर चालतं. सलग मिनिटभर फिरवलं तर पावडर तापते आणि वास तिथेच उडतो.

चकतीबद्दल लोकांचा गैरसमज असतो की ती दाबण्यासाठी आहे. मुख्य काम पाण्याची धार पसरवणं हे आहे. चकती नसेल तर धार जिथे पडते तिथे खड्डा होतो आणि पाणी त्याच खड्ड्यातून जातं. अंगठ्याने जोर लावून कोंबलीत तर मात्र सकाळी सहापर्यंत वाट बघा.

तुमच्याकडे आत्ता जी मैद्यासारखी पावडर पडून आहे ती फेकू नका. जाड दळलेल्या निम्म्या पावडरीत मिसळा, जाड थर खाली, मिश्रण वर. तात्पुरतं काम होतं.

पीबी_ए_निम्मंनिम्मं

दुसरा प्रश्न मोठा आहे, कारण त्यात पावडर कोणती हेही येतं.

चिकोरी ही एका झाडाची मुळी. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. भाजून दळतात. तिच्यात कॅफीन अजिबात नाही. भाजलेल्या कॉफीतला जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात उतरतो. चिकोरीचा त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे थोडी चिकोरी घातली की डिकॉक्शन गडद आणि सायीसारखं जड होतं, दुधात बुडत नाही. शिवाय ती पाणी धरून ठेवते, म्हणून पाणी सावकाश उतरतं आणि कॉफीलाही उतरायला वेळ मिळतो. तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: उडुप्याकडचा दाटपणा बराचसा चिकोरीचा असतो. हॉटेलातल्या मिश्रणात ३०-४० टक्के असणं नवलाचं नाही.

घरी १५ ते २० टक्क्यांनी सुरुवात करा. ३० च्या वर गेलं की मळीसारखा गोडसर कडूपणा येतो आणि सगळ्या कॉफ्या एकाच चवीच्या लागतात. पाकिटाच्या मागे बघा: कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापणं बंधनकारक आहे, आणि मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही. सुपरमार्केटमधली स्वस्त पाकिटं त्या रेषेच्या अगदी काठावर उभी असतात. 'स्ट्राँग' या शब्दाला काही अर्थ नाही, टक्के वाचा.

सुटी कॉफी विकणाऱ्या दुकानात गेलात तर पाटीवर 'पीबी' आणि 'ए' दिसेल. 'प्लँटेशन ए' म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, 'ए' हा दाण्याचा आकार. 'पीबी' म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात दोन चपट्या बिया असतात, क्वचित एकच गोल बी धरते, ती वेगळी काढलेली. जात वेगळी नाही, पण गोल दाणा सगळीकडून सारखा भाजला जातो. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. रोबस्टा वेगळी जात; अंगाने जड, कडू, आणि तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट.

सांगायचं वाक्य: 'पीबी आणि ए निम्मं-निम्मं, २० टक्के चिकोरी, फिल्टरचं दळण, २०० ग्रॅम.' जास्त दाट हवी तर ए ऐवजी रोबस्टा तीस टक्क्यांपर्यंत. मुंबईकर असाल तर हे वाक्य माटुंग्याला म्हैसूर कन्सर्न्स किंवा फिलिप्सच्या दुकानात म्हणा, समोरचा दुसरा प्रश्न विचारणार नाही. पुण्यात दाणे समोर दळून देणारं कुठलंही दुकान चालेल. फक्त दळायच्या यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचं काय होतं ते बघा.

दोनशे ग्रॅमच का? वरच्या मापाने ही दोघांची आठ दिवसांची बेगमी. दळलेली कॉफी दोन-तीन आठवड्यांत उतरते. चिकोरी हवेतला ओलावा ओढते, जुलैत मुंबईत उघड्या बरणीत तिचा लगदा होतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये रोज उघड-मीट करायचा डबा ठेवू नका, प्रत्येक वेळी आत दव धरतं.

कडू_तेच_खरं

चिकोरीचं एवढं कौतुक वाचून राहवलं नाही. चिकोरी ही टंचाईच्या दिवसांत कॉफी पुरवून पुरवून वापरायची युक्ती, ती चव म्हणून डोक्यावर बसली. चिकमगळूर, कोडगूची चांगली अरेबिका आणून तिच्यावर २० टक्के मुळीची राख टाकायची, तर मग चांगली आणायची कशाला?

बिनचिकोरीची करायची असेल तर तीन बदल करा. प्रमाण सहाऐवजी पाच पट पाणी. दळण थोडं अधिक बारीक, कारण पाणी अडवायला चिकोरी नाही. आणि भाजणी मध्यम ते गडद. हलकी भाजलेली अरेबिका या फिल्टरमध्ये आंबट उतरते. दूध कालचं असेल तर त्या आंबटपणाने फाटूही शकतं, आणि मग दोष दुधवाल्याला.

तोळामासा

@कडू, राख नाही हो, भाजलेली मुळी. पण बदल तिन्ही बरोबर. फक्त पाच पटीला कपामागे पावडर १४-१५ ग्रॅम जाते, महिन्याचा हिशोब आधी करा.

सायीवरची_माया

तिसऱ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर.

पिशवीवर फॅट बघा. टोन्ड दुधात ३ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, फुल क्रीममध्ये ६. टोन्ड दुधाने हॉटेलसारखी कॉफी होणं शक्य नाही, कितीही घुसळा. फुल क्रीम घ्या आणि त्यात पाणी घालू नका. आपल्याकडे चहाच्या सवयीने हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो.

दूध एकदाच उकळायचं, कॉफी करायच्या वेळी. सकाळी तापवलेलं, साय काढलेलं, दुपारी परत तापवलेलं दूध कॉफीत शिजल्यासारखं लागतं. हॉटेलात पातेलं सतत मंद आचेवर असतं म्हणून दूध आटतं, हे खरं. घरी तेच हवं तर २५० मिली दूध तळाशी चमचा फिरवत २२० पर्यंत आटवा. त्याहून पुढे गेलात की बासुंदीची वाट.

क्रम असा: टंबलरमध्ये साखर, तिच्यावर डिकॉक्शन, मग उकळतं दूध. डिकॉक्शन गॅसवर कधीही ठेवायचं नाही. उकळलं की वास गेला आणि जळकट कडूपणा आला. मग डबरा-टंबलरमध्ये चार-पाच वेळा वरून खाली ओतायचं. हे दिखाव्यासाठी नसतं: फेस येतो, साखर विरघळते आणि कॉफी पिण्याजोगी होते. दहा वेळा ओतलीत तर गार होते.

गूळ घालणाऱ्यांसाठी: गूळ कपात, गॅस बंद झाल्यावर. उकळत्या दुधात टाकला तर फाटेल.

निवांत_कोथरूड

सगळ्यांचे आभार. आज मोजलं: माझे दोन चमचे म्हणजे ११ ग्रॅम, पाणी १९०. बारीक पावडर चिमटीत घासली तर खरंच मैदा. नवीन २०० ग्रॅम आणतो.

सकाळी ७ ला घर सोडावं लागतं. २५ मिनिटं थेंब मोजत बसणं जमणार नाही. रात्री करून ठेवलं तर? आणि पहिलं उतरल्यावर त्याच चोथ्यावर परत पाणी घालतात, ते करावं का?

टिपटिप

रात्री करा, पण सकाळपर्यंत फिल्टरमध्येच ठेवू नका. ओला चोथा वर असेपर्यंत शेवटचे तुरट थेंब पडत राहतात. अर्ध्या तासाने वरचं भांडं काढा, डिकॉक्शन काचेच्या छोट्या बाटलीत काठापर्यंत भरा, झाकण लावा, फ्रिज. चोवीस तास चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस वाटायला लागलं तर टाकून द्या.

लोक चुकतात ते सकाळी. फ्रिजमधलं ५ अंशांचं ५० मिली डिकॉक्शन आणि ९५ अंशांचं १०० मिली दूध एकत्र केलं की होतात ६५ अंश. टंबलर गार, त्यात वरून ओतली, की कोमट. मग पातेलं परत गॅसवर जातं आणि सगळं बिघडतं. त्याऐवजी आंघोळीला जाताना बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. डिकॉक्शन ५० अंशांपर्यंत आलं तर मिश्रण ८० ला बसतं.

दुसरं पाणी: ६०-७० मिली घाला, उतरतं, पण त्यात उरतो तो कडूपणा आणि रंग. पहिल्यात मिसळू नका. वेगळं ठेवून, बर्फ आणि दूध घालून थंड कॉफीत घालवा. नाहीतर सोडून द्या आणि चोथा कुंडीत पातळ थराने पसरा. जाड थर घातला तर त्याची पपडी होऊन पाणी मुरत नाही.

काउंटरच्या_पलीकडून

चौथा प्रश्न राहूनच गेला.

कॅफेतल्या दुधाच्या सगळ्या कॉफ्या एकाच अर्कावर उभ्या असतात. १८ ग्रॅम पावडर, ९ बारचा दाब, २५ ते ३० सेकंद, कपात सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो. नावं बदलतात ती त्यात दूध किती, फेस किती, यावर. वर तोळामासांनी दिलेल्या मापात डिकॉक्शनच्या दुप्पट दूध आहे. कॅफेच्या पाटीकडे याच डोळ्याने बघा:

कोर्टाडो: अर्काइतकंच दूध, छोटा ग्लास.
फ्लॅट व्हाइट: साधारण तिप्पट, १५०-१६० मिलीचा कप, फेस पातळ.
कॅपुचिनो: १५०-१८० मिली, फेस जाड.
लाटे: २४० मिलीच्या पुढे, म्हणजे अर्काच्या सहा पट आणि वर दूध.

फिल्टर कॉफी कोर्टाडो आणि फ्लॅट व्हाइटच्या मध्ये बसते. लाटे पांचट लागणारच, ते दूधच आहे. फ्लॅट व्हाइट मागवा, पण आधी 'कप किती मिलीचा?' हे विचारा. काही ठिकाणी फ्लॅट व्हाइट नावाने अडीचशे मिली येते, ती लाटेच. तसं असेल तर 'छोट्या कपात, डबल शॉट' असं सांगा.

चवीत एक फरक राहणारच. या कॅफेंमध्ये बहुतेक निव्वळ अरेबिका असते, मध्यम भाजलेली, चिकोरी नाही. आपल्या जिभेला ती आंबटसर लागते. दोन प्रकारचे दाणे ठेवत असतील तर 'गडद भाजलेली किंवा रोबस्टा असलेली' मागा. साखर घालायला लाजू नका.

कोमट का? दूध वाफेवर ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात. तिथे ते सगळ्यात गोड लागतं आणि फेस मऊ राहतो. ७० च्या वर फेसाचे मोठे बुडबुडे होतात आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. म्हणजे चूक त्यांची नाही, सवय आपली उकळत्या चहाची आहे. 'एक्स्ट्रा हॉट' म्हटलं की ७० च्या आसपास देतात. त्याआधी 'कप गरम पाण्याने तापवून घ्या' असं सांगा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

अमेरिकानो म्हणजे तोच एस्प्रेसो गरम पाण्यात. कडू लागते, पण दूध नको आहे, अशांनी पोअरओव्हर घ्यावी: १५ ग्रॅम पावडर, २४०-२५० मिली पाणी, कागदाचा फिल्टर, तीनेक मिनिटं. पैसे जास्त पडतात, कारण एक माणूस तेवढा वेळ तुमच्या एका कपात अडकतो. तिच्यात दूध मागू नका, आधीच पातळ असते. तुमच्या पहिल्या फिल्टरसारखीच गत होईल.

कॅफे पारखायची एक खूण: काउंटरपाशी उभं राहून वाफेची नळी बघा. प्रत्येक वापरानंतर फडक्याने पुसून वाफ सोडतात का? नळीवर वाळलेल्या दुधाचं पुट असेल तर पाण्याची बाटली घ्या आणि जा. दूध तापवताना सतत किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर फेस खरबरीत येणार. हळू, कागद फाडल्यासारखा आवाज दोन-चार सेकंद आणि मग शांत, हे चांगलं लक्षण.

बिलावर ५ टक्के जीएसटी असतो, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज वेगळा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात परस्पर लावू नये अशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. काढायला सांगा.

अवांतर: बाणेरहून फर्ग्युसन रस्त्यावर येणं झालं तर वैशाली, रूपाली आहेतच, शनिवार-रविवारी सकाळी नाही, मंगळवारी दुपारी तीनला जा. मुंबईत किंग्ज सर्कलजवळचं कॅफे मद्रास १९४० पासूनचं आहे, तिथे रांगेत नाव द्यावं लागतं. इराण्याकडे मात्र कॉफी मागू नये. तिथे चहा, बनमस्का.

सहाणेवर_दोन_वळसे

फिल्टर, एस्प्रेसो सगळं झालं, आपल्या घरांतली जायफळाची कॉफी कोणाला आठवली नाही. तिला फिल्टर लागत नाही आणि बारीक पावडर तिला चालते. धागाकर्त्याची मैद्यासारखी पावडर हिच्यातच घाला, जाड पावडरीत मिसळत बसू नका.

दोन कप: दूध २५० मिली, पाणी ५० मिली, साखर तीन चहाचे चमचे. उकळी आली की गॅस बंद. मग १० ग्रॅम पावडर, एकदा ढवळून झाकण, चार मिनिटं. पावडर घालून खळखळ उकळत ठेवली की कडू होते, तेवढं टाळा. जायफळ सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळा किंवा बारीक किसणीवर दोनदा ओढा, झाकण काढल्यावर घाला. कपाला चिमटीच्या निम्मं पुरे. जास्त झालं तर तुरट लागतं आणि डोकं जड होतं. जायफळ चमच्याने घालायची वस्तू नव्हे. तलम फडक्यातून गाळा, चहाच्या गाळण्यातून गाळ खाली येतो.

निवांत_कोथरूड

पावडरीची सोय लागली. शेवटचा प्रश्न: आमच्याकडे आठवड्यातले तीन दिवस टँकरचं पाणी असतं. त्या दिवशी चव वेगळी लागते असं वाटतं. आणि तुळशीबागेत पितळी फिल्टर बघितला, घ्यावा का?

टिपटिप

वाटतं नाही, लागतेच. जड पाण्यात कॉफीचा आंबटपणा दबतो आणि चव मातकट, चपटी होते. उलट आरओचं पाणी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) तीसच्या खाली असेल तर तेही वाईट: पाण्यात काहीच नसलं की कॉफी पोकळ लागते. ७५ ते १५० टीडीएस बरं. टँकरच्या दिवशी दोन्ही अर्धं-अर्धं मिसळा.

त्याच पाण्याने भोकांत क्षार धरतात. महिन्यातून एकदा अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूफूल घालून वरचं भांडं दहा मिनिटं उकळा. तेलाचा थर त्याने जात नाही; त्याला गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश, खालच्या बाजूनेही. पूर्वापार उपाय म्हणजे वरचं भांडं सांडशीत धरून आचेवर उपडं तापवणं. अडकलेला भुगा जळून झडतो, स्टील मात्र निळसर पडतं. भोकांत सुई घालू नका, मोठी होतात आणि मग पाच मिनिटांवाला प्रश्न परत येतो.

पितळी फिल्टर उष्णता धरतो आणि दिसतो छान. पण आतून कल्हई हवी, ती झिजली की परत करून घ्यायची, आणि कल्हईवाला शोधायचा. रोजच्याला स्टील बरं. घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरा: भोकं सारखी, बारीक, आणि तळ पूर्ण सपाट हवा. मध्ये फुगीर असेल तर कडेला पाणी साचून राहतं. मग दोन्ही भांडी एकात एक बसवून हलवा. किंचित खुळखुळ झाली तर घ्या. गच्च बसलं तर हवा कोंडणार.